पक्ष्यांच्या फोटोंसाठी आधी टेलिफोटो लेन्स घ्यावी की कॅमेऱ्याची बॉडी बदलावी?

लेन्स घ्या. घाईत असाल तर उत्तर एवढंच, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की निकॉनचा डी५३०० आहे, त्यावर ७०-३०० एमएमची लेन्स आहे, सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांमागे फिरता, लाखभर रुपये जमलेत आणि आता डी७५०० घ्यावा की लांब पल्ल्याची लेन्स, यात अडकलाय. ते ठीक आहे. पण शेवटी तुम्ही जे लिहिलंय ना, ‘सगळे म्हणतात आधी बॉडी बदल’, ते वाचून मी हातातलं काम ठेवून लिहायला बसले. तुमच्याकडे ‘सगळे’ आहेत. माझ्याकडे एकटे भाऊजी होते, पण ते सगळ्यांना पुरून उरतात.

२०१६ साली सातव्या वेतन आयोगाचे एरियर्स ऑगस्टच्या पगाराबरोबर आले. एवढी रक्कम एकदम आणि माझ्या एकटीच्या खात्यात, असं नोकरीत पहिल्यांदाच झालं. माझ्याकडे तेव्हा डी३२०० होता आणि ५५-३०० लेन्स. त्या जोडीवर मी पाषाण तलाव, सिंहगड व्हॅली आणि सासवडकडची माळरानं पालथी घातली होती. मला काय कमी पडतंय हे मला पक्कं माहीत होतं. पक्षी लांब असतो. बस.

पण आमच्या घरात मिक्सर असो, गाडीचे टायर असोत की म्युच्युअल फंड, भाऊजींना विचारल्याशिवाय काही घ्यायची पद्धत नाही. भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर. दर दोन-तीन वर्षांनी कॅमेरा बदलतात आणि त्यावर गणपतीची आरास आणि मुलांचे वाढदिवस काढतात. त्यांनी चहा पिता पिता निकाल दिला. ‘अगं, लेन्स म्हणजे नुसती काच. बॉडी म्हणजे मेंदू. आधी मेंदू बदल.’ नवऱ्याने मान डोलावली. सासूबाईंनीसुद्धा डोलावली, त्यांचा या विषयाशी काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही. मी डी७२०० घेतला.

जानेवारीत दोन गाड्या करून आम्ही भिगवणला गेलो. कुंभारगावला पहाटे होडीत बसलो, सात माणसं, त्यातली पाच चिलापीच्या ताटाकडे डोळे लावून बसलेली. उजनीच्या पाण्यावर धुकं होतं. पट्टकादंबांचा थवा आवाज करत डोक्यावरून गेला आणि पाण्यातल्या एका वाळक्या खोडावर मीनघार बसलेली दिसली. ऑस्प्रे. होडीवाल्या काकांनी कळक रोवून होडी थांबवली. ‘ताई, हितनं फुडं न्हाई न्यायची. उडंल त्यो.’ मग माझ्या लेन्सकडे बघून म्हणाले, ‘मोठा भोंगा न्हाई व्हय आणला?’

भोंगा नव्हता. मेंदू होता.

ती उडाली, दोन घिरट्या घातल्या, पाय पुढे करून पाण्यात पडली आणि मासा घेऊन वर आली. ऑस्प्रे पकडलेला मासा पायात फिरवून त्याचं तोंड पुढे करून धरते, म्हणजे उडताना हवेचा विरोध कमी होतो. हे मी वाचलेलं होतं आणि मला नेमका तोच फोटो हवा होता. नव्या बॉडीने आपलं काम चोख केलं. सेकंदाला सहा फ्रेम आणि फोकस कुठेही सुटला नाही. एका ठिपक्याच्या अठ्ठावीस शार्प फ्रेम.

घरी येऊन मी हिशेब मांडला, तो तुमच्याही कामाचा आहे. पक्षी साधारण दीडशे मीटरवर होता. पंख पसरले की ऑस्प्रे दीड मीटरच्या वर भरते. ३०० एमएमवर, सहा हजार पिक्सेल रुंद फ्रेममध्ये ती जेमतेम आठशे पिक्सेलांची. पायातला वीतभर मासा शंभर-सव्वाशेचा. आता गंमत बघा. माझा जुना डी३२०० चोवीस मेगापिक्सेलचा आणि नवा डी७२०० सुद्धा चोवीसचाच, दोघांचा सेन्सरही एकाच आकाराचा. म्हणजे एरियर्स गेले आणि पक्षी एका पिक्सेलनेही मोठा झाला नाही. तुम्ही जो डी७५०० बघताय तो वीस पॉइंट नऊचा आहे. त्यात तुमचा पक्षी आहे त्यापेक्षा थोडा लहानच दिसेल.

हेच ३०० वरून ५०० वर गेलात तर पक्ष्यावर पडणारे पिक्सेल पावणेतीन पट होतात. ५०० भागिले ३००, आणि त्याचा वर्ग. मेगापिक्सेल वाढवून एवढा फरक पाडायचा तर तुमच्या सेन्सरवर सदुसष्ट मेगापिक्सेल लागतील.

‘मग क्रॉप कर की,’ भाऊजी म्हणाले. केला. फॅमिली ग्रुपवर टाकला. पुतणीचा प्रश्न आला, ‘काकू, घारीच्या पायात चप्पल आहे का?’

पुढच्या वर्षी भाऊजींनी स्वतः फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेतला, डी७५०, आणि हीच पुढची पायरी म्हणून मलाही त्या वाटेला लावायला बघत होते. तुम्हालाही कोणीतरी हे सांगेलच, म्हणून लिहिते. लेन्स तीच ठेवून फुल फ्रेमवर गेलात तर पक्षी फ्रेममध्ये आणखी लहान होतो. आपल्या लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरएवढा भाग कापून घेतला तर डी७५० च्या चोवीसमधले दहाच मेगापिक्सेल हातात उरतात. लग्नं काढणाऱ्यांनी खुशाल घ्यावा. पक्षीवाल्याने आधी लेन्सची सोय करावी.

२०१८ मध्ये मी कोणालाही न विचारता निकॉनची २००-५०० सेकंडहँड घ्यायचं ठरवलं. फोर्टातल्या एका दुकानात गेले, नवरा सोबतीला. पैसे माझे, प्रश्न मी विचारतेय, आणि दुकानदाराने कपाटातून लेन्स काढून दिली नवऱ्याच्या हातात. मला म्हणाला, ‘मॅडम, तुम्हाला नाही झेपायची, दोन किलो तीनशे ग्रॅम आहे. तुमच्यासाठी बॉडी अपग्रेड करा, हलकी येईल.’ गिरणीतून दहा किलोच्या दळणाचा डबा तीन जिने चढून मी आणते तेव्हा या प्रकारचा सल्ला कोणी देत नाही. मी लेन्स नवऱ्याच्या हातातून घेतली, समोरच्या इमारतीवरच्या कबुतरांवर दहा मिनिटं धरून बसले आणि बिल माझ्या नावाने करायला सांगितलं. त्याने केलं. स्पेलिंग चुकवून.

वजन जाणवतं, खोटं कशाला बोलू. पाचव्या मिनिटाला डावं मनगट बोलायला लागतं. पण पक्षी काही तासभर उडत नसतात. होडीच्या काठावर टेकवायला मी जुन्या जीन्सचा पाय कापून, त्यात रेशनचा तांदूळ भरून, दोन्ही बाजूंनी शिवून घेतलाय. विकतच्या बीन बॅगपेक्षा बरा बसतो आणि वर्षातून एकदा तांदूळ बदलला की पोरकिडे होत नाहीत.

त्या हिवाळ्यात पुन्हा कुंभारगाव, तेच काका. ‘आणला की भोंगा!’ म्हणाले आणि स्वतःहून अर्धा तास जास्त फिरवलं. ऑस्प्रे मिळाली. माशाचं तोंड पुढेच होतं. डोळासुद्धा दिसत होता, माशाचा.

बरं, आता तुमचं. तुमच्या डी५३०० मध्ये फोकसची मोटर नाही, ती लेन्समध्येच असावी लागते. सेकंडहँड बाजारात जुन्या ८०-२०० डी किंवा पहिल्या पिढीच्या ३०० एफ/४ स्वस्तात दिसतील आणि दुकानदार ‘प्रो लेन्स आहे साहेब’ म्हणून गळ्यात मारेल. काच उत्तम आहे, पण तुमच्या कॅमेऱ्यावर फोकस हाताने करावा लागेल, आणि उडत्या खंड्यावर ते तुमच्याच्याने होणार नाही, माझ्याही नाही. २००-५०० चालेल. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररीही चालेल. ती दोन किलोच्या आत आहे, फक्त ६०० ला एफ/६.३ मिळतं, म्हणजे २००-५०० च्या एफ/५.६ पेक्षा उजेड थोडा कमी येतो, आणि ढगाळ सकाळी तेवढाही फरक टोचतो. मी २००-५०० च्या बाजूची आहे, पण सिग्मावाले सुखी दिसतात. जुनी घेताना समोरून मोबाइलचा टॉर्च मारून मागून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी उठून चालू पडा. कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्या लेन्समध्ये हे हमखास बघायचं. आणि घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल.

दुसरं, आज डीएसएलआर बॉडीत पैसे घालणं मला पटत नाही. निकॉनचं सगळं लक्ष आता झेड माउंटवर, म्हणजे त्यांच्या मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांवर आहे. उद्या तुम्ही मिररलेसवर गेलात तर २००-५०० ला स्वतःची मोटर असल्याने एफटीझेड अडॅप्टर लावून ती ऑटोफोकससकट चालते. डी७५०० ला मात्र असा दुसरा जन्म नाही.

पण एक सांगायला हवं, नाहीतर हे उत्तर भाऊजींना उद्देशून लिहिल्यासारखं होईल. (तसं ते आहेच, पण तरी.) लेन्स आली म्हणून फोटो आपोआप येत नाहीत. माळरानावर सकाळी दहानंतर जमीन तापते आणि हवा थरथरायला लागते. तेव्हा पाचशेवर काढलेला प्रत्येक फोटो पाण्यात बुडवून काढल्यासारखा येतो. लोक लेन्स खराब म्हणून परत करायला निघतात. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वर गेला तर जाऊ द्या. आणि आधी एखाद्या शनिवार-रविवारी लेन्स भाड्याने घेऊन बघा. मनगटाचा प्रश्न खराच असतो. फक्त तो कोणी दुसऱ्याने तुमच्या वतीने सोडवू नये.

आता जरा नाइलाजाने लिहिते. मे महिन्यात सिंहगड व्हॅलीत झाडीखाली स्वर्गीय नर्तक पक्षी पाण्यावर यायचा. सकाळी साडेसहाला तिथे एवढा अंधार की १/६०, आयएसओ ६४००, एफ/५.६. माझ्या जुन्या डी३२०० ने त्या उजेडात फोकस पकडलाच नसता, नुसता पुढे-मागे करत बसला असता. डी७२०० ने पकडला. लांब पांढरी शेपटी थोडी हलली, पण चेहरा शार्प आहे, आणि तो फोटो आज आमच्या दिवाणखान्यात आहे. म्हणजे तुमचा बहुतेक वेळ दाट झाडीत, कमी उजेडात जात असेल, पक्षी वीस-पंचवीस फुटांवर येत असेल, तर बॉडीचा विचार करायला हरकत नाही. डी५३०० ची आणखी एक खरी अडचण म्हणजे बफर, कार्डावर जाण्याआधी फोटो साठायची जागा. रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलमध्ये, बटण धरून ठेवलं की दुसऱ्या सेकंदाला तो धापा टाकतो आणि नेमकी तेव्हाच झडप पडते. डी७५०० त्यात फार पुढे आहे, सेकंदाला आठ फ्रेम आणि दमत नाही. यावर माझा उपाय म्हणजे बटण कमी दाबणे, तो सगळ्यांना पटतोच असं नाही.

दिवाणखान्यातला फोटो कोणत्या बॉडीमुळे आला हे भाऊजींना मी अजून सांगितलेलं नाही.

आणि ७०-३०० विकू नका. लांब लेन्स आली की लोक पहिली तीच विकतात. मीही विकली होती, नंतर रडत बसले. जवळ काही आलं की हातात काही नसतं. डिसेंबरात भाऊजी ताडोबाला चाललेत, जिप्सी बुक झालीय, डी७५० पुसून ठेवलाय, आणि माझी २००-५०० मागताहेत. दुसरी लेन्स नेणार नाहीत म्हणे, ओझं होतं. वाघ वीस फुटांवर रस्त्यात येऊन बसला तर २०० एमएमवर फुल फ्रेममध्येही आडवा मीटरभरच मावतो, म्हणजे नुसतं तोंड. हे त्यांना आधी सांगायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही.