मुलं आवडतात, एवढ्यावर ब्रँच भरू नकोस

प्रिय डॉक्टर,

इंटर्नशिप संपायला थोडे दिवस आहेत, तरी मुद्दाम ‘डॉक्टर’ म्हणतेय. सवय लागू दे.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. नीट-पीजीचा, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा, स्कोअर चांगला आलाय, अभिनंदन. पार्टी उधार राहिली. आता कोणती ब्रँच, कोणतं कॉलेज हे प्रेफरन्स भरायला बसलायस आणि बालरोगशास्त्राबद्दल विचारतोयस, ‘मॅडम, पेडिअ‍ॅट्रिक्स टाकू का? मला मुलं खूप आवडतात.’

अरे, मुलं कोणाला आवडत नाहीत? पण आपल्याला आवडतात ती न्हाऊमाखू घातलेली, काजळ लावलेली, बारशातली मुलं. वॉर्डात येतं ते पोर तापाने फणफणलेलं असतं, दोन दिवस अंगाला पाणी लागलेलं नसतं आणि तुझा कोट दिसला की आईच्या मानेला गच्च मिठी मारून भोकाड पसरतं. तीन वर्षं तू त्याच्यासाठी सुई घेऊन येणारा माणूस असतोस. हसरं पोर तुला भेटतं ते डिस्चार्जच्या दिवशी, कार्ड भरून होईस्तोवर.

म्हणून मी तुला वेगळंच विचारते. तुला नुसतं बघत बसता येतं का? हात न लावता?

रूरल पोस्टिंगमध्ये संध्याकाळी माझ्या दवाखान्यात येऊन बसायचास, तेव्हाची एक गोष्ट आठव. नऊ महिन्यांची मुलगी, खोकला. तू खुर्चीतून उठलास आणि थेट स्टेथो लावलास. ती जी किंचाळली, ती शेवटपर्यंत. तुला छातीत काहीच ऐकू आलं नाही, येणारही नव्हतं. मग तिला आईच्या मांडीवर निजू दिलं, झबलं वर केलं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. अठ्ठावन्न. मिनिटाला किती श्वास झाले की न्यूमोनियाची शंका घ्यायची, तर दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. हे आकडे तू एमबीबीएसला पाठ केलेस, पण मोजायला जो एक मिनिट गप्प बसावं लागतं तो कोणी पाठ करून घेत नाही. तीस सेकंद मोजून दुप्पट करणारे पुष्कळ. लहान बाळ मध्येच श्वास थांबवतं, मध्येच भराभर घेतं, म्हणून पूर्ण मिनिट लागतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळाकडे असं बघायला शिकवलं: ऊब आहे का, दूध ओढतंय का, संसर्गाची चिन्हं आहेत का. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा पेपर आला. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते, घरच्या घरी. तू रेसिडेन्सीत व्हेंटिलेटर शिकशील, कच्च्या फुप्फुसांसाठीचं सर्फॅक्टंट औषध द्यायला शिकशील, शिकायलाच हवं. पण त्या बायकांना जे जमलं ते आधी जमायला हवं.

आता दुसरी गोष्ट, गणित. या ब्रँचमध्ये ‘एक गोळी दोनदा’ असं काही नसतं. सगळं किलोमागे. आणि किलोसुद्धा कुठला, एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नऊशे ग्रॅमचं बाळ असतं. माझीच चूक सांगते, कारण असल्या चुका सीनियर लोक सांगत नाहीत. पहिलं वर्ष, इमर्जन्सीनंतरचा दिवस, मी तिसाव्या तासाला उभी होते. २.१ किलोचं बाळ झटके देत होतं. झटके थांबवणारं फिनोबार्ब २० मिलिग्रॅम पर किलो, म्हणजे ४२ मिलिग्रॅम. एक मिलिलिटरची अँप्यूल, तिच्यात २०० मिलिग्रॅम. म्हणजे ०.२१ मिलि. मी लिहिलं २.१. वजनाचा आकडा डोक्यात घोळत होता, तोच उतरला. सिस्टरांनी ट्रे आणला, त्यात तीन अँप्यूल मांडल्या, आणि फोडायच्या आधी थांबल्या. ‘डॉक्टर, एवढ्याशा बाळाला तीन?’ आवाज चढवला नाही, कोणाला हाक मारली नाही. मी कागद ओढून पुन्हा भागाकार केला आणि माझ्या तळव्यांना घाम फुटला. दहापट डोस होता.

तेव्हापासून दशांश चिन्हाआधी शून्य लिहिल्याशिवाय माझा पेन पुढे जात नाही, पूर्ण आकड्यापुढे ‘.०’ मी लिहीत नाही, आणि डोस मोठ्याने म्हणून दाखवते. सिस्टरांशी कसं वागायचं हे तुला आता वेगळं सांगायला नको.

तिसाव्या तासाचं म्हणशील तर कागदावर हे कधीच संपलंय. १९९२च्या केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांहून जास्त नको, असं लिहिलंय. २०२३च्या पदव्युत्तर नियमावलीत आठवड्याला एक सुट्टी आणि वर्षाला २० किरकोळ रजा आहेत. प्रॉस्पेक्टस वाच, पण तेवढ्यावर जाऊ नकोस. ज्या कॉलेजचं नाव यादीत वर टाकणार आहेस तिथल्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला कँटीनमध्ये गाठ. एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, विचारशील तर सगळं छानच असतं, आणि तिसऱ्या वर्षाचा सुटकेच्या आनंदात असतो. पहिल्या वर्षाच्याला विचार: रात्री एनआयसीयूत एका रेसिडेंटच्या अंगावर किती बाळं? एका सिस्टरकडे किती? रात्री तीन वाजता फोन केला तर लेक्चरर उचलतात का, आणि उचलल्यावर येतात का? (हल्ली असिस्टंट प्रोफेसर म्हणायचं, आमच्या तोंडात अजून लेक्चररच.) ब्लड गॅसचं सॅम्पल लॅबला कोण पळवतं? स्टायपेंड वेळेवर येतो का? मागच्या बॅचमधून कोणी सीट सोडून गेलं का, आणि का? या शेवटच्या प्रश्नाला तो इकडेतिकडे बघून उत्तर देईल. त्या उत्तराला सर्वांत जास्त वजन दे, कारण एकदा जॉइन झाल्यावर सीट सोडायची म्हणजे मोठा दंड भरावा लागू शकतो.

आणखी एक बघ. बाळाची आई एनआयसीयूच्या आत असते की काचेबाहेर? सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. जिथे आईच्या दुधाचा विचार होतो, कांगारू केअरसाठी, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून बसायला, आईला खुर्ची मिळते, तिथे तू चांगलं नवजातशास्त्र शिकशील. मशिनं मोजू नकोस, खुर्च्या मोज.

एमडी (विद्यापीठाची पदवी) की डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची), यावर फार डोकं शिणवू नकोस. दोन्ही तीन वर्षांचे, दोन्हींना मान्यता. महापालिकेच्या किंवा सरकारी कॉलेजात पेशंटांचा लोंढा असतो, हात लवकर बसतो, शिकवायला वेळ कमी. चांगल्या ट्रस्ट हॉस्पिटलच्या डीएनबीत देखरेख जास्त, पण काही ठिकाणी कन्सल्टंटचा खासगी पेशंट म्हटल्यावर तुला सलाइनची लाइनसुद्धा टाकू देत नाहीत. तेही कँटीनमध्येच कळेल. डीम्ड, म्हणजे अभिमत विद्यापीठाच्या खासगी कॉलेजची फी भरून पेडिअ‍ॅट्रिक्स करायचं असेल तर मात्र आधी वडिलांबरोबर बसून हिशोब मांड. या ब्रँचमध्ये पैसे मिळतात, पण हळूहळू, आणि कर्जाचा हप्ता हळूहळू येत नाही.

तीन महिने जिल्हा रुग्णालयात जावं लागेल, डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी. पुष्कळजण ती सुट्टी समजतात. तू एसएनसीयूत, म्हणजे तिथल्या आजारी नवजातांच्या कक्षात, ड्यूटी मागून घे. मोठ्या हॉस्पिटलात बाळ येतं ते कोणीतरी पाठवलेलं असतं. पाठवणाऱ्याच्या बाजूने ते कसं दिसतं, हे तिथेच कळतं. पुढे रेफर होऊन आलेलं बाळ बघून ‘काय केलंय हे!’ म्हणताना जीभ आवरेल. सरकारी सीट असेल तर एमडीनंतर वर्षभर सरकारी सेवेचा बाँडही धर. निओनेटॉलॉजीत (नवजातशास्त्रात) डीएम ही त्यापुढची पदवी करायचं मनात असेल तर नीट-एसएस ही आणखी एक प्रवेशपरीक्षा आणि आणखी तीन वर्षं. आत्ताच बोहल्यावर चढू नकोस, एवढंच सांगते. तेवीसाव्या वर्षी सगळ्यांनाच निओनेटॉलॉजिस्ट व्हायचं असतं.

हात बसण्याबद्दल. शिरेत घालायची पिवळी इंट्राकॅथ (सुई-नळी) २४ नंबरची, जांभळी त्याहून बारीक, २६ची. पहिले दोन महिने तुझं आयुष्य या दोन रंगांत जाईल. शीर मिळणार नाही. दोनदा टोचून मिळाली नाही तर सीनियरला बोलव, तिसऱ्यांदा इज्जतीसाठी टोचू नकोस. पोराच्या हातावर तुझी इज्जत का म्हणून? बाळाला धरायला बापाला उभं करू नकोस, तोच चक्कर येऊन पडतो आणि तुझे पेशंट दोन होतात. आई धरते. मावशींना धरायला सांगितलंस तर त्याहून छान.

आणि आजी. तिला वॉर्डाबाहेर काढायची घाई करू नकोस. ती बाळगुटी देते, धुरी देते, टाळूवर तेल थापते, आणि तुला राग येईल. पण ‘काल रात्रीपासून दूध ओढत नाही, रडणं बदललंय’ हे वाक्य बहुतेक वेळा तीच बोलते, आणि संसर्ग दाखवणारी तुझी सीआरपी रक्तचाचणी यायच्या आधी बोलते. मुंबईत असशील तर ‘पसली चल रही है’ ऐकलंस की हातातलं काम टाकून उठ. बोलणाऱ्याला न्यूमोनिया हा शब्द माहीत नसतो, पण फासळ्या आत ओढल्या जाताना त्याने बघितलेल्या असतात. नातेवाइकांची गर्दी जमेल, आवाज चढतील. डॉक्टरांवरच्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, पण रात्री दोनला वॉर्डात तो कुठे सापडत नाही. दर दोन तासांनी बाहेर जाऊन, चांगलं असो वाईट असो, एकाच माणसाला सांगत राहा. मी बघितलेली बहुतेक भांडणं डॉक्टर गप्प राहिल्यावर झालेली होती.

एक गोष्ट लिहायची टाळत होते. मुलं मरतात. मोठ्यांच्या वॉर्डात मृत्यूला काहीतरी कारण सापडतं, वय झालं होतं, विडी ओढायचे. इथे तसं काही हाताशी नसतं. माझं पहिलं बाळ गेलं तेव्हा त्याला नावसुद्धा नव्हतं, मनगटावरच्या पट्टीवर ‘बेबी ऑफ’ आणि आईचं नाव. बाप कागदावर सही करायला आला, पेन चालेना, मी माझं दिलं. सही करून त्याने पेन खिशाला लावलं आणि बाळाला दोन्ही हातांवर घेऊन जिना उतरला. मी पेन परत मागितलं नाही. खोलीवर जाऊन पाच मिनिटं बसले आणि पुढच्या अ‍ॅडमिशनला गेले. तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नाही, आम्हीही एकमेकांना विचारलं नाही, आणि ते चुकीचं होतं. तू ज्या युनिटमध्ये जाशील तिथे असं काही घडलं की रजिस्ट्रार चहाला घेऊन जातो का, हेही त्या कँटीनमधल्या यादीत घाल. झोप लागेनाशी झाली, जेवण नकोसं झालं, तर सायकिअ‍ॅट्रीची ओपीडी तुझ्याच बिल्डिंगमध्ये असते. तिथे पेशंट म्हणून जायला लाजू नकोस. मी गेले होते.

तुझ्या बाबांचा प्रश्नही तू शेवटी चोरून विचारलायस: ‘हल्ली एकेकच मूल, मग मुलांच्या डॉक्टरचं कसं चालणार?’ बरोबर विचारलंय त्यांनी. एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा प्रजनन दर (एका बाईमागे सरासरी मुलं) १.७ आहे, म्हणजे दोनाच्याही खाली. पण आमच्या वेळी बाराशे ग्रॅमचं बाळ वाचलं की पेढे वाटायचे. आता ती वाचतात, आणि मग त्यांचं ऐकणं, बघणं, चालणं, शाळा, हे सगळं बघायला माणूस लागतो. माझ्या ओपीडीत जुलाब कमी झाले. न बोलणारी तीन वर्षांची मुलं आणि मोबाईलवर जेवणारी, वजन वाढलेली मुलं वाढली. बाबांना सांग, काम बदललंय. रेडिओलॉजीवाल्या मित्राची गाडी मात्र तुझ्याआधी येईल, हे तुझं तूच मनाशी ठरव.

लिस्ट भरायला अजून वेळ आहे. येत्या गुरुवारी सायंकाळी ये, ओपीडीनंतर जेवायलाच थांब. आणि त्याआधी एक रात्र तुमच्याच कॉलेजच्या पेडिअ‍ॅट्रिक वॉर्डात इमर्जन्सीच्या दिवशी काढ, आठ ते आठ. काही करू नकोस, कोपऱ्यात स्टूल घेऊन बस आणि झोपलेल्या पोरांचे श्वास मोज. सेकंदकाटा असलेलं घड्याळ ने. मोबाईल नेऊ नकोस, त्याचा उजेड पडला की पोरं उठतात.

तुझी,
मॅडम