हॉस्टेलमध्ये ओळख झालेल्यांबरोबर मुई नेला जावं का?

तुमचा प्रश्न असा: पहिल्यांदाच एकटी व्हिएतनामला निघालेय, सायगॉनच्या (म्हणजे हो ची मिन्ह सिटीच्या) हॉस्टेलमध्ये कुणाशी सूर जुळले तर त्यांच्यासोबत मुई नेच्या समुद्रकाठी चार-पाच दिवस जायची हिंमत करू का, आणि घरच्यांना काय सांगू?

जा. मी जानेवारी २०२४ मध्ये नेमकं हेच केलं. आम्ही चौघं होतो. मी सांगली जिल्ह्यातली, एक डच मुलगी, लष्करी सेवा नुकतीच संपवून आलेला एक कोरियन मुलगा आणि मलेशियातल्या पेनांगचा एक तमीळ इंजिनिअर. ओळख म्हणाल तर हॉस्टेलच्या गच्चीवर दोन रात्री गप्पा मारल्या, एवढीच. तिसऱ्या संध्याकाळी आम्ही एकाच बसमध्ये होतो.

एक गोष्ट मात्र आम्ही निघण्याआधीच ठरवली होती, आणि तुम्हीही ठरवाच. बसचं तिकीट ज्याचं त्यानं काढायचं. खाट ज्याची त्यानं बुक करायची. आम्ही दोघी मुलींच्या डॉर्ममध्ये, ते दोघं दुसरीकडे. पासपोर्ट आपला आपल्यापाशी, आणि मुई नेनंतरचा बेतही ज्याचा त्याचा. कुठल्याही सकाळी कुणालाही ‘मी निघते’ म्हणता आलं पाहिजे, आणि त्याचं कारण कुणी विचारायचं नाही. अशी मोकळीक असली की जो थांबतो तो मनापासून थांबतो. हे मला चौथ्या दिवशी कळलं, ते पुढे सांगते.

एकत्र ठेवला तो फक्त रोजचा किरकोळ खर्च. प्रत्येकी ५ लाख डाँग, म्हणजे तेव्हाचे साधारण १,६०० ते १,७०० रुपये, एका चेनच्या पाऊचमध्ये टाकले आणि पाऊच कोरियन मुलाकडे दिलं. जीप, टॅक्सी, पाणी, फळं त्यातून. जेवणाचं ज्याचं त्यानं द्यायचं, कारण मी शाकाहारी आणि ते तिघं रोज मासे खाणार. हे सगळं पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घ्या. आपल्याला पैशांचं बोलायला अवघड वाटतं, मग मनात साठतं आणि भलत्याच गोष्टीवरून बाहेर पडतं.

सायगॉनहून मुई ने साधारण २०० किलोमीटर. मुई नेलगतच्या फान थियेत शहरापर्यंतचा द्रुतगती मार्ग २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून प्रवास बराच सोपा झालाय. स्लीपर बसमध्ये चढताना चपला काढून पिशवीत घ्यायच्या, मग वरची नाहीतर खालची खाट. अंधार पडल्यावर अर्धवट झोपेत खिडकीबाहेर पाहिलं, तर शेतंच्या शेतं पिवळ्या बल्बांनी उजळलेली. मला आधी वाटलं कुठली तरी जत्रा असेल. ती ड्रॅगन फ्रूटची रानं होती. हिवाळ्यात दिवस लहान झाला की त्या झाडाला फूल लागत नाही, म्हणून रात्री ओळीओळीनं दिवे लावून झाडाला दिवस मोठा असल्याचं भासवतात. माझ्या मामानं जतजवळच्या कोरडवाहू रानात ड्रॅगन फ्रूट लावलंय. मी बसमधूनच त्याला व्हिडिओ कॉल लावला. मामा दिवे मोजायला लागला, दोन ओळींत किती अंतर आहे ते विचारायला लागला. माझ्या बाजूनं नीट दिसेना, तर पेनांगचा मुलगा आपल्या खाटेवर गुडघ्यांवर बसून फोन काचेला लावून राहिला, हात भरून आला तरी. त्या वेळेपासून त्या मुलाबद्दल मला परकं वाटलं नाही.

मुई नेचा समुद्र जानेवारीत पोहण्यासारखा नसतो, हे आधीच सांगते. नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल वारा जोराचा, त्यामुळे काइटसर्फिंगवाल्यांची, म्हणजे पतंगाच्या ओढीनं फळीवरून लाटांवर घसरणाऱ्यांची, चंगळ. किनाऱ्याची धूप झालीय, कित्येक ठिकाणी वाळूऐवजी काँक्रीटचे बांध आहेत आणि भरतीला पाणी थेट त्यांवर आदळतं. फोटोंतला बीच डोक्यात ठेवून जाऊ नका. गावाची खरी मजा सकाळी आहे. पहाटे मासेमारी नौका परततात आणि मोठ्या टोपलीसारख्या गोल होडक्यांतून मासळी काठावर येते. शंकूच्या आकाराच्या टोप्या घातलेल्या बाया वाळूतच उकिडव्या बसून निवडत असतात. आपल्या मांदेलीच्या जातकुळीतला एक लहान मासा तिथे मिठात मुरवून, महिनोन् महिने ठेवून नुओक माम, म्हणजे माशांचा पातळ सॉस, काढतात. फान थियेतचं नुओक माम देशभर नावाजलेलं. वास पहिल्या दिवशी मला सोसला नाही, तिसऱ्या दिवशी लक्षातही येईना.

पांढऱ्या आणि लाल वाळूच्या टेकड्या जीपवाला दाखवतोच, त्यावर वेगळं लिहीत नाही. सुओई तिएन ओढ्यातून मात्र सावकाश चाला. घोट्याएवढं पाणी, पायाखाली मऊ वाळू, एका बाजूला तांबड्या-पांढऱ्या मातीच्या कडा.

आणि पो शानूचे मनोरे चुकवू नका. फान थियेतहून मुई नेला येताना टेकडीवर विटांची जुनी मंदिरं आहेत, पूर्वी या भागात राज्य करणाऱ्या चाम लोकांनी आठव्या शतकात शंकरासाठी बांधलेली. मुख्य मनोऱ्यात चपला काढून वाकून आत गेलो. आत अंधार, उदबत्तीचा धूर, आणि मधोमध शिवलिंग. शाळुंका, लिंग, सगळं ओळखीचं, पुढ्यात केळी आणि ड्रॅगन फ्रूट ठेवलेली. माझे हात आपोआप जोडले गेले. शेजारी पाहिलं तर पेनांगच्या मुलानंही जोडले होते. बाकीचे दोघं काही न विचारता बाहेर सावलीत थांबले होते, आणि आम्ही आलो तेव्हा डच मुलीनं पाण्याची बाटली पुढे केली. अनोळखी माणसं पारखायची तर अशा बारीक गोष्टींवर पारखा. तुमची वाट ती कशी पाहतात, ते बघा.

आता चौथा दिवस, २५ जानेवारी. डच मुलीनं स्कूटर भाड्यानं घेतली, मी मागे बसले. मी आरटीओतून १,००० रुपये भरून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला होता, पण तो तिथे चालत नाही. भारत देतो तो १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचा, आणि व्हिएतनाम मानतं १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसारचा. स्कूटर देणारा तुम्हाला हे विचारणारही नाही, पण पोलिस विचारतात, आणि विमा कंपनी तर नक्कीच विचारते. तिच्याकडे चालणारा परवाना होता, म्हणून ती चालवत होती. समुद्राकडच्या रस्त्यावर वाऱ्यानं वाळू येऊन पडते. वळणावर तिनं ब्रेक दाबला आणि चाक घसरलं. हेल्मेट होती म्हणून निभावलं. तिची हनुवटी फाटली, माझं कोपर सोलवटलं. मला तिचं रक्त बघूनच कापरं भरलं.

फोन केल्यावर ते दोघं टॅक्सी करून आले. दवाखान्यात रोख मागितली. कोरियन मुलानं पाऊच उघडून नोटा मोजल्या, कमी पडल्या त्या स्वतःच्या खिशातून घातल्या. टाके घालताना तिनं त्याचा हात इतका घट्ट धरला की त्याच्या मनगटावर नखं उमटली. त्याची त्याच रात्रीची डोंगरातल्या दालात शहराची बस होती, तिकीट काढलेलं. त्यानं कुणाला न सांगता ती जाऊ दिली. बसची वेळ टळून गेल्यावर मीच विचारलं तेव्हा म्हणाला, दालात कुठे जात नाही.

त्या दिवशी पौर्णिमा होती, आपली शाकंभरी. व्हिएतनाममध्ये बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, शाकाहारी जेवतात. तिथे शाकाहाराला ‘चाय’ म्हणतात आणि पाटीवर ‘क्वान चाय’ असलं की निर्धास्त आत जायचं. इतर ठिकाणी भाजीतही नुओक माम असतं. त्या रात्री ते तिघंही माझ्याबरोबर चाय जेवले. डच मुलीला चावता येत नव्हतं, तिच्यासाठी मालकीणबाईंनी वेगळी पातळ पेज करून आणली, वर थोडं आलं घालून.

घरच्यांचं म्हणाल, तर लपवू नका. मी पहिल्या दिवशीच चौघांचा फोटो, हॉस्टेलचा पत्ता आणि बसची वेळ आईला पाठवली होती. त्या रात्री कोपराला पट्टी बांधलेली असतानाच तिचा व्हिडिओ कॉल आला आणि मी सगळं सांगितलं. ती आधी रागावली, मग रडली, मग म्हणाली त्या पोराला दाखव. त्याला मराठी कळत नाही हे विसरून तिनं सरळ विचारलं, ‘जेवलास का रे?’ मी भाषांतर केलं तर तो हसला. म्हणाला, माझी आईसुद्धा फोनवर पहिलं हेच विचारते.