४ जीबीच्या लॅपटॉपला कुठलं उबुंटू?

४ जीबी रॅम आहे म्हणालीस, म्हणून थेट सांगतो: झुबुंटू टाक, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचं हलकं रूप.

उबुंटू, कुबुंटू, झुबुंटू, लुबुंटू ही नावं ऐकून गोंधळू नकोस. सगळ्या सख्ख्या बहिणी. सॉफ्टवेअरचं भांडार एकच, बदलतो तो मुख्यतः डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या मेनू-खिडक्यांचं रूप. मूळ उबुंटूत नोम, कुबुंटूत केडीई प्लाझ्मा, झुबुंटूत एक्सएफसीई, लुबुंटूत एलएक्सक्यूटी. नोम देखणा आहे, पण ४ जीबीत ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडले की मशीनला धाप लागते. प्लाझ्मा मला स्वतःला फार आवडतो, हवं तसं सजवता येतं. रॅम वाढवलीस की जरूर बघ. लुबुंटू झुबुंटूपेक्षाही हलकं, पण झुबुंटूवर नवख्याचा हात लवकर बसतो, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय.

आवृत्ती मात्र नीट बघून घे. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. दर दोन वर्षांनी येणारी एलटीएस, म्हणजे जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्तीच घे. तिला मूळ उबुंटूत ५ वर्षं अपडेट मिळतात, बाकीच्या बहिणींना ३ च. ती मुदत वहीत लिहून ठेव.

पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून ८ जीबीचा पेन ड्राइव्ह आण, आयएसओ (झुबुंटूची डाउनलोड केलेली इन्स्टॉलची फाइल) त्यावर चढव आणि इन्स्टॉल न करता तिथूनच चालवून बघ. वायफाय लागतं का, आवाज येतो का? मगच पुढे जा, आणि त्याआधी फोटो, प्रोजेक्टच्या फाइली दुसरीकडे काढून ठेव. रविवारी कोथरूडला घरी आलीस तर मराठी टायपिंगसाठी इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणीही लावून देतो.