एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरून अर्थपूर्ण वाक्य फक्त इंग्रजीतच होतं का?

छे! इंग्रजीतलं 'बफेलो' (एक शहर, एक जनावर आणि 'दमदाटी करणं' असे तिन्ही अर्थ) आठ वेळा येणारं वाक्य प्रसिद्ध आहे, पण खरं सांगायचं तर ते व्याकरणाच्या जोरावर ओढूनताणून उभं केलंय. समजावून सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही.

मराठीत बघा: 'वर वरवर बघून वर गेला आणि वर मलाच बोलला.' नवरदेव, उथळपणे, वरच्या मजल्यावर, शिवाय. एका दमात म्हटलं तरी कळतं!

जपानीत 'निवा निवा निवा निवातोरि गा इरु', म्हणजे अंगणात दोन कोंबड्या आहेत. दुसऱ्या 'निवा'त नुसते प्रत्यय आहेत. तिसरा म्हणजे 'दोन', तोही पक्षी मोजतानाचा.

सगळ्यांवर कडी चिनी भाषेची. भाषाशास्त्रज्ञ चाओ युएन-रेन यांनी सिंह खाणाऱ्या एका कवीची गोष्ट लिहिली, तिचा प्रत्येक उच्चार 'शी'! फरक फक्त सुरांचा. चढा, उतरता, सपाट, खाली जाऊन वर येणारा. शिवाय भाषा अभिजात, म्हणजे जुन्या ग्रंथांतली चिनी. त्यामुळे चिनी लिपीत वाचणाऱ्याला गोष्ट समजते, पण आजच्या मँडरिन (प्रमाण चिनी) उच्चारांत मोठ्याने वाचली की ऐकणाऱ्याच्या पदरी नुसतं शी-शी. रोमन लिपीत तर तिचा पार चोथा होतो.