ग्रीक ईस्टर : शुभेच्छा कधी, लाल अंडी कशी?

प्रश्न : ग्रीक शिकते आहे. ईस्टरला ग्रीक मैत्रिणीला ‘ख्रोन्या पोला’ म्हणू की ‘ख्रिस्तोस अनेस्ती’?

दोन्ही चालतं, फक्त वेळ सांभाळा. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात ‘कालो पास्खा’ म्हणायचं, शनिवारी रात्री चर्चला निघताना ‘काली अनास्तासी’. ‘ख्रिस्तोस अनेस्ती’, म्हणजे ख्रिस्त उठला, हे मध्यरात्री चर्चमध्ये गायलं गेल्यावरच. त्याला उत्तर ‘अलिथोस अनेस्ती’, खरोखरच उठला. पुढचे चाळीस दिवस भेटल्यावर हेच बोलतात. ‘ख्रोन्या पोला’ (पुष्कळ वर्षं लाभोत) वाढदिवसाला, नामदिनाला (आपल्या नावाच्या संताच्या दिवशी), नाताळलाही चालतं; उत्तरादाखल ‘एपीसिस’, तुम्हालाही.

यातला ‘ख’ उर्दूतल्या ‘ख़बर’सारखा, घसा घासून. ‘अलिथोस’मधला ‘थ’ आपला नव्हे: जिभेचं टोक दातांच्या फटीत ठेवा, हवा अडवू नका. ‘अनेस्ती’त जोर ‘ने’वर, शेवटचा ‘ती’ आपण सवयीने लांबवतो, तो आखूडच हवा.

आणि आपल्याकडच्या कॅलेंडरवरचा ईस्टर बघून निरोप पाठवू नका. ग्रीक चर्च ईस्टरची तारीख जुन्या ज्युलियन पंचांगावरून काढतं. 2025 मध्ये दोन्ही ईस्टर 20 एप्रिललाच आले. 2026 मध्ये मात्र इतरांचा 5 एप्रिलला, ग्रीकांचा 12 ला.

प्रश्न : कांद्याच्या सालींत लाल अंडी रंगवली. काही तडकली, काहींवर डाग पडले. काय चुकलं?

तडकली ती बहुधा फ्रिजमधून थेट भांड्यात गेली म्हणून, नाहीतर पाणी खळखळा उकळल्याने एकमेकांवर आपटून. डाग पडतात ते बोटांच्या तेलकटपणाने. अंडी आधी व्हिनेगरच्या फडक्याने पुसा.

बारा अंड्यांना पंधराएक कांद्यांच्या कोरड्या साली, सव्वा लिटर पाणी. अर्धा तास उकळा, गाळा, पूर्ण गार होऊ द्या. मग तीन मोठे चमचे व्हिनेगर घाला. व्हिनेगरमुळे रंग धरतो, पण हात सैल सोडलात तर कवचातला चुना विरघळून रंगाचे पोपडे निघतात. अंडी एका थरात मांडून मंद आचेवर बारा मिनिटं ठेवा आणि त्याच पाण्यात निवू द्या. रंग विटकरी येतो. भडक लाल हवा असेल तर खाण्याचा तयार रंगच घ्यावा लागतो. सुकल्यावर तेलाचं बोट फिरवा.

ग्रीक घरांत ही अंडी पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, रंगवतात आणि शनिवारी मध्यरात्रीनंतर जेवणाच्या टेबलावर लढवतात. एकाने अंडं मुठीत धरायचं, टोक जेमतेम वर ठेवून. दुसऱ्याने टोकावर टोक मारत ‘ख्रिस्तोस अनेस्ती’ म्हणायचं. ज्याचं शेवटपर्यंत फुटत नाही त्याचं वर्ष चांगलं जातं, असं मानतात.