अध्यापन ‘कौशल्य’, ‘क्षमता’ की ‘सक्षमता’?

प्रश्न : एम.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी मी ‘छात्राध्यापकांच्या अध्यापन कौशल्यांचा विकास’ असे शीर्षक दिले होते. मार्गदर्शकांनी ‘कौशल्यां’ऐवजी ‘क्षमतां’ असा बदल केला आणि दुसऱ्या एका प्राध्यापकांनी ‘सक्षमता’ सुचवले. हे तिन्ही शब्द समानार्थी आहेत का?

उत्तर : नाहीत, आणि त्यांतला ‘सक्षमता’ आधी बाजूला ठेवावा. ‘क्षम’ हे मुळातच ‘समर्थ’ या अर्थाचे विशेषण आहे, त्यामुळे त्यामागे ‘स’ लावून सामर्थ्यात काही भर पडत नाही. ‘सहित’ या अर्थाचा ‘स’ नामाला लागतो, जसे सदय, सलज्ज, सकरुण. त्याच न्यायाने ‘सक्षम’ म्हणजे क्षमेसहित असलेला, क्षमाशील. ‘सक्षम अधिकारी’ आता रूढ झाला आहे आणि तो कोणी काढून टाकणार नाही. परंतु ज्या प्रबंधात प्रत्येक संज्ञेची कार्यात्मक व्याख्या द्यावी लागते, त्याच्या शीर्षकातच असा शब्द घालण्याची सक्ती आपण का पत्करावी?

‘क्षमता’ हा शब्द शुद्ध आहे, पण तो पेलण्याच्या शक्तीचा आहे. ‘क्षम्’ म्हणजे सहन करणे. म्हणूनच धरणाची साठवण क्षमता असते आणि बसची आसनक्षमता असते. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला आणि शाळांत हा शब्द घट्ट बसला. पुढे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने १९९८ मध्ये क्षमताधिष्ठित आणि बांधिलकीप्रधान अध्यापक शिक्षणाची मांडणी केली. तिच्यात क्षमतांची १० क्षेत्रे आहेत आणि त्यांत आशय व मूल्यमापन यांच्याबरोबर पालकांसह आणि समाजासह काम करण्याची क्षमताही येते. एवढा मोठा पट एका शब्दाला वाहायचा असेल, तर ‘क्षमता’ चालेल. आपल्या मार्गदर्शकांचे म्हणणे या मर्यादेत योग्य आहे.

मात्र ‘कौशल्य म्हणजे हाताचे तंत्र, क्षमता त्याहून वरची’ ही जी उतरंड अध्यापक महाविद्यालयांत सर्रास सांगितली जाते, ती मला मुळीच मान्य नाही. ती सूक्ष्म अध्यापनातून आली. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास ड्वाइट अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अध्यापनाचे लहान लहान घटक वेगळे काढून त्यांचा सराव करून घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे त्याचे ३६ मिनिटांचे चक्र झाले : ६ मिनिटे पाठ, ६ मिनिटे प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणे), १२ मिनिटे पुनर्नियोजन, पुन्हा ६ मिनिटे पाठ आणि ६ मिनिटे प्रत्याभरण. सज्जता प्रवर्तन (पाठाकडे मन वळवणे), चेतक बदल (आवाज, हालचाल बदलून लक्ष टिकवणे), प्रबलन (शाबासकीने प्रतिसाद दृढ करणे), फलक लेखन अशी एकेक सुटी कृती ‘कौशल्य’ म्हणून निरीक्षण तक्त्यात बसली आणि एका समृद्ध शब्दाचा अर्थ त्या रकान्याएवढा झाला.

‘कुशल’ची परंपरेने सांगितलेली व्युत्पत्ती आहे ‘कुशान् लाति इति कुशलः’, म्हणजे कुश आणणारा तो कुशल. पिठोरी अमावस्येला दर्भ उपटण्याची प्रथा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या गवताची पात कशी असते हे सांगावे लागणार नाही : कडा धारदार, टोक सुईसारखे (‘कुशाग्र’ बुद्धी आली ती तिथूनच), आणि निष्काळजीपणे मूठ आवळली तर बोट कापलेच. शिवाय आजूबाजूच्या साध्या गवतातून नेमका कुश ओळखून वेगळा काढायचा असतो. हातापेक्षा डोळ्याचे आणि बुद्धीचे काम इथे अधिक आहे.

संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाशा’त ‘कर्मणि कुशलः’ (कामात कुशल) हे रूढ लक्षणेचे, म्हणजे वाच्यार्थ सोडून रूढीने दुसरा अर्थ घेण्याचे, उदाहरण म्हणून घेतले. कुश आणण्याचा वाच्यार्थ इथे जुळत नाही, म्हणून ‘निपुण’ हा अर्थ घ्यायचा. आणि या दोन अर्थांना जोडणारा दुवा त्याने ‘विवेचकत्व’ असा सांगितला. विवेचकत्व म्हणजे निवड करण्याची जाण. चौदाव्या शतकात ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाने हे खोडून काढले : ‘अन्यद्धि शब्दानां व्युत्पत्तिनिमित्तमन्यच्च प्रवृत्तिनिमित्तम्’, म्हणजे शब्द घडण्याचे कारण वेगळे आणि वापरात येण्याचे वेगळे; तसे मानले नाही, तर जाणे या अर्थाच्या धातूपासून आलेला ‘गो’ (गाय) शब्द ‘गौः शेते’ (गाय झोपली आहे) या वाक्यातही लाक्षणिक ठरेल. तर्क बिनतोड आहे, पण माझ्या मते त्याने मम्मटाच्या बोलण्यातला गाभा सोडून दिला. प्रश्न लक्षणा आहे की अभिधा (सरळ वाच्यार्थ) एवढाच नव्हता. निपुणतेच्या मुळाशी विवेक आहे, ही मम्मटाची ओळख त्या खंडनाने खोटी ठरत नाही. पालीतला ‘कुसल’ही केवळ निपुण नव्हे, तर हितकर असा अर्थ देतो, आणि ‘अट्ठसालिनी’ हा पाली टीकाग्रंथ त्याची फोड करताना हात कापणाऱ्या कुशाचाच दाखला देते. आधुनिक अभ्यासक या सगळ्याला लोकव्युत्पत्ती, म्हणजे ऐकून जुळवलेली व्युत्पत्ती, म्हणून झटकतात. तरी शब्दाला त्याच्या भाषिकांनी शतकानुशतके काय समजले, हाही शब्दाच्या इतिहासाचाच भाग आहे, असे मी आग्रहाने म्हणेन.

हा विवेक वर्गात कसा दिसतो? एखादा विद्यार्थी १/२ + १/३ = २/५ असे उत्तर देतो. छात्राध्यापक ‘छान प्रयत्न’ म्हणून दुसऱ्याकडे वळला, तर प्रबलनाच्या रकान्यात त्याला गुण मिळतात. पण अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून हे उत्तर आले आहे, हे ओळखून ‘२/५ हे अर्ध्याहून मोठे की लहान?’ एवढेच ज्याने विचारले, तो खरा कुशल. अर्ध्यात काही मिळवून अर्ध्याहून कमी येते कसे, हे मग तो मुलगा स्वतःच शोधू लागतो. बी. के. पासी आणि ललिता यांच्या सामान्य अध्यापन क्षमता श्रेणीत २१ कौशल्यांचे निरीक्षण सात बिंदूंवर करायचे असते. त्या २१ गुणांकांची बेरीज म्हणजेच क्षमता, असे धरून जे प्रबंध पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीची सरासरी मांडून थांबतात, ते हा क्षण नोंदवतच नाहीत.

तेव्हा आपल्या अभ्यासात सुट्या घटकांचा सराव आणि त्यांचेच मापन असेल, तर ‘कौशल्ये’ हा आपला मूळ शब्द ठेवावा. आशय, पालक, समाज हा सगळा पट असेल तरच ‘क्षमता’ लिहावे. आणि ‘कौशल्य’ ठेवलेत, तर छात्राध्यापकाने अमुक प्रश्न का विचारला याची त्याच्याच शब्दांतली नोंद घेण्यासाठी निरीक्षण तक्त्यात एक रकाना अवश्य वाढवावा.