बिंदू गडचिरोलीचे, नकाशावर मात्र उत्तर ध्रुवाजवळ

प्रश्न : आमच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क क्षेत्राची हद्द हातातल्या गार्मिन ईट्रेक्स जीपीएस यंत्राने फिरून नोंदवली. प्रत्येक ठिकाणी वेपॉइंट (त्या जागेची नोंद) साठवला आणि पडद्यावरचे अक्षांश-रेखांश वहीतही उतरवून घेतले. नंतर वहीतले आकडे एक्सेलमध्ये भरून, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी) फाइल करून क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये घातली. पहिल्यांदा सगळे बिंदू नॉर्वेच्याही उत्तरेला पडले. एका कार्यकर्त्याने काही बदल केल्यावर ते आमच्या तालुक्यात आले, परंतु हद्द नाल्यापासून काही ठिकाणी शंभर मीटर, तर काही ठिकाणी अर्धा किलोमीटर सरकलेली दिसते. यंत्रात दोष आहे का?
— एक वाचक, कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : यंत्र निर्दोष आहे. बिंदू कोणत्या दिशेने आणि किती सरकले आहेत हे नीट पाहिले, तर चूक कोठे झाली ते बहुतेक वेळा त्यावरूनच कळते, आणि आपल्या पत्रात दोन स्वतंत्र चुकांच्या खुणा आहेत.

पहिली चूक अदलाबदलीची. क्यूजीआयएसमध्ये सीएसव्ही फाइल घेताना एक्स या रकान्यात रेखांश आणि वाय या रकान्यात अक्षांश द्यावा लागतो. बोलताना आपण ‘अक्षांश-रेखांश’ या क्रमाने बोलतो, त्यामुळे हात सवयीने उलटा क्रम लावतो. कुरखेड्याचा अक्षांश सुमारे २०.६ आणि रेखांश सुमारे ८०.२ आहे, यांची अदलाबदल केली की बिंदू ८० उत्तर अक्षांशावर, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांच्या परिसरात जाऊन पडतो. ही चूक एका अर्थाने चांगली, कारण ती लपत नाही.

दुसरी चूक अधिक घातक आहे. गार्मिनची यंत्रे मुळातल्या मांडणीनुसार अंश आणि दशांश मिनिटे दाखवतात, उदाहरणार्थ २०° ३६.४५०′. वहीत उतरवताना किंवा टंकताना याचे २० अंश ३६ मिनिटे ४५ सेकंद असे वाचन झाले, तर काय होते ते पाहा. ०.४५० मिनिट म्हणजे २७ सेकंद. आपण ४५ लिहिले, म्हणजे १८ सेकंदांची भर पडली. अक्षांशाचा एक सेकंद सुमारे ३१ मीटरचा असल्यामुळे बिंदू साडेपाचशे मीटर उत्तरेला गेला. ही भर प्रत्येक बिंदूच्या दशांश भागानुसार कमी-जास्त होते, म्हणून हद्द सगळीकडे सारखी सरकत नाही. मात्र भर पडत असल्यामुळे सरकणे नेहमी उत्तरेकडे आणि पूर्वेकडेच असते. आपली हद्द त्याच बाजूंना सरकली आहे का, ते तपासावे. त्याहून पक्का पुरावा वहीतच मिळेल: सेकंद म्हणून लिहिलेल्या आकड्यांत ६० किंवा त्याहून मोठा आकडा सापडला, तर ते सेकंद नव्हतेच. (हाच आकडा कोणी सरळ २०.३६४५० असा टंकला, तर बिंदू सुमारे २७ किलोमीटर दक्षिणेला जातो.)

आता उपाय. वही दुरुस्त करत बसू नये. वेपॉइंट यंत्रातून पुसलेले नसतील, तर ते अजून तेथेच आहेत. यंत्र यूएसबी केबलने संगणकाला जोडल्यावर ते पेन ड्राइव्हसारखे दिसू लागते. त्यातील ‘गार्मिन’ या फोल्डरमध्ये ‘जीपीएक्स’ नावाचा फोल्डर असतो. वेपॉइंटच्या फाइलींच्या नावात तारीख असते, आणि चालू ट्रॅकची (चाललेल्या वाटेच्या नोंदीची) फाइल ‘करंट’ या उपफोल्डरमध्ये मिळते. यंत्र संगणकावर दिसलेच नाही, तर आधी केबल बदलून पाहावी, कारण बाजारातल्या कित्येक केबली केवळ चार्जिंगच्या असतात. सिरियल पोर्ट असलेल्या जुन्या पिवळ्या ईट्रेक्ससाठी जीपीएसबॅबेल हा मोफत प्रोग्रॅम उपयोगी पडतो.

जीपीएक्स फाइल (जीपीएसच्या नोंदींची फाइल) प्रथम संगणकावर उतरवून तिची मूळ प्रत वेगळी ठेवावी आणि दुसरी प्रत क्यूजीआयएसच्या खिडकीत ओढून सोडावी. तेव्हा वेपॉइंट, रूट (आधी आखलेला मार्ग), ट्रॅक, रूटचे बिंदू आणि ट्रॅकचे बिंदू अशा पाच लेयरची, म्हणजे नकाशाच्या थरांची, यादी समोर येते. आपल्याला वेपॉइंट आणि ट्रॅक पुरेसे आहेत. जीपीएक्समध्ये निर्देशांक नेहमी डब्ल्यूजीएस ८४ या डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी धरलेल्या पायावर), दशांश अंशांत साठवलेले असतात. यंत्राच्या पडद्यावर आपण कोणतीही मांडणी किंवा कोणताही डेटम निवडलेला असो, फाइलीत त्याने फरक पडत नाही. वहीत मात्र पडतो. जुन्या टोपोशीटशी (छापील सर्वेक्षण नकाशाशी) जुळावे म्हणून कोणी यंत्रात पृथ्वीच्या आकाराच्या ‘एव्हरेस्ट’ या जुन्या मापावर आधारित भारतीय डेटम लावून ठेवला असेल, तर पडद्यावरून उतरवलेले सगळे बिंदू आपल्या भागात साधारण शे-दोनशे मीटरने, पण एकाच दिशेने आणि सारख्या अंतराने सरकतील. ही खूणही लक्षात असू द्यावी.

बिंदू नकाशावर आले की लेयरवर उजवी कळ दाबून ‘एक्स्पोर्ट’मधून जिओपॅकेज या फाइल-स्वरूपात साठवावे. शेपफाइल हे जुने फाइल-स्वरूप वापरण्याची आपल्याकडे सवय आहे. परंतु तिच्यात रकान्याच्या नावाला दहाच बाइटची जागा असते आणि देवनागरीचे एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते, त्यामुळे ‘सीमाचिन्ह’ असे नाव देणाऱ्याला अर्धवट शब्द मिळतो. साठवताना ईपीएसजी ३२६४४ (निर्देशांक-पद्धतीचा क्रमांक) म्हणजे यूटीएम झोन ४४ उत्तर निवडावा; यूटीएम ही पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारी पद्धत आहे. येथे एक फरक काटेकोरपणे पाळावा: ‘सेट लेयर सीआरएस’ (लेयरची निर्देशांक-पद्धत ठरवा) ही आज्ञा निर्देशांक बदलत नाही, ती फक्त त्यांच्यावरची पाटी बदलते. अंशांतल्या आकड्यांवर यूटीएमची पाटी लावली, तर ८० आणि २० हे मीटर समजले जातात आणि अख्खे गाव कन्याकुमारीच्या दक्षिणेला, विषुववृत्तालगत हिंदी महासागरात एका ठिपक्यात गोळा होते.

यंत्र पुसले गेले असेल, तरच वहीकडे वळावे. तेव्हा आकडे अंश आणि दशांश मिनिटे असेच भरावेत आणि सीएसव्ही घेण्याच्या खिडकीतील ‘डीएमएस कोऑर्डिनेट्स’ (अंश-मिनिटे-सेकंद) या पर्यायावर खूण करावी. तो अंश-मिनिटांची मांडणीही वाचतो. दशांशाचे रूपांतर स्वतः करण्यापेक्षा हे पुष्कळ सुरक्षित आहे.

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील पाणलोट क्षेत्राभोवती फिरून ट्रॅक घेतला. क्यूजीआयएसमध्ये क्षेत्रफळ कधी येतच नाही, कधी ०.०००३ असे येते. शिवाय याच रीतीने शेताचा बांध मोजता येईल का?

उत्तर : ट्रॅक ही रेषा आहे, आणि रेषेला क्षेत्रफळ नसते. ‘लाइन्स टु पॉलिगन्स’ हे साधन वापरून आधी बहुभुज करावा. फिरून सुरुवातीच्या जागी आल्यावर लगेच ट्रॅक थांबवला नसेल, तर शेपटासारखे जादा बिंदू त्याआधी काढून टाकावेत. ०.०००३ हा आकडा चौरस अंशांत आहे आणि तो निरुपयोगी आहे. बहुभुज यूटीएममध्ये साठवून क्षेत्रफळ काढावे व चौरस मीटरांना दहा हजारांनी भागून हेक्टर करावेत.

झोन ४३ आणि ४४ यांची सीमा ७८ पूर्व रेखांशावर आहे आणि ती आपल्याच जिल्ह्यातून जाते. यवतमाळ शहर तिच्या किंचित पूर्वेला, म्हणजे झोन ४४ मध्ये येते. सीमेजवळच्या लहान पाणलोटाला कोणताही एक झोन चालतो, फक्त सर्व लेयर त्याच झोनमध्ये ठेवावेत. गडचिरोलीसारख्या दूरच्या जिल्ह्याला झोन ४३ लावला, तर मात्र शंभर हेक्टरांमागे अर्ध्या हेक्टराहून अधिक फरक पडतो.

बांधाच्या बाबतीत माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. मोकळ्या आकाशाखाली हातातले यंत्र ३ ते ५ मीटरपर्यंत अचूक असते, दाट झाडीत १० मीटर किंवा त्याहूनही ढिले पडते. आणि एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, जेमतेम दहा मीटर लांब-रुंद चौकोन. पाणलोटाच्या आराखड्याला ही अचूकता पुरते, पण शेजाऱ्याशी चाललेल्या वादाला पुरत नाही. त्यासाठी भूमि अभिलेख विभागाकडे मोजणीचा अर्ज करावा.

प्रश्न : पहाटे पाचला सुरू केलेल्या पक्षिगणनेच्या ट्रॅकवर आदल्या दिवसाची तारीख दिसते. असे का?

उत्तर : जीपीएक्समधील वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे सकाळी साडेपाचच्या आधीची प्रत्येक नोंद आदल्या तारखेत जाते. मूळ रकाना तसाच ठेवून, फील्ड कॅल्क्युलेटरने त्यात ५ तास ३० मिनिटे मिळवलेला नवा रकाना करावा आणि त्याच्या नावात ‘भाप्रवे’ असे लिहावे, म्हणजे दुसरा कोणी तीच भर पुन्हा घालणार नाही.